कॅमेरा बसला, आता बाईंनी काय करायचं तेही सांगा

मा. सचिव,
शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

आपला 21 ऑगस्ट 2024 चा शासन निर्णय पुन्हा एकदा वाचून काढला. आदल्या दिवशी शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापूरकर रेल्वे रुळांवर उतरले होते आणि दुसऱ्या दिवशी निर्णय हजर. मनात आणलं तर शासन किती चपळ असतं हे पाहून बरं वाटलं. महिनाभरात सीसीटीव्ही, आठवड्यातून किमान तीनदा फुटेजची तपासणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. (ही समिती मार्च 2022 मध्येच कागदावर जन्मली होती, पण असो.) आणि शाळेत अनुचित प्रकार घडला, तर 24 तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली, तर ज्याला आली त्याने थेट पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं, असं कलम 19 म्हणतं. त्यात मुख्याध्यापकांची परवानगी नाही, संस्थाचालकांची बैठक नाही, आणि क्षमा असावी, आपले शिक्षणाधिकारीही नाहीत. कळवलं नाही तर कलम 21 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर 1 वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. 24 तासांची मुदत या कलमातही आहे, पण ती पोलिसांना: तेवढ्या वेळात त्यांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. शाळेला कायद्याने एक तासही दिलेला नाही. तो आपण दिलात.

न कळवल्याने काय होतं, हे राज्याला ठाऊक नाही असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहात 17 अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं 2019 मध्ये उघड झालं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. त्याच्यावरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो निकाल फिरवला. तिथे अपील करणारं कोण होतं? महाराष्ट्र शासन. म्हणजे शासनाचा एक हात दिल्लीत जाऊन न कळवणाऱ्याविरुद्ध लढतो आणि दुसरा आम्हाला शिक्षणाधिकाऱ्यांचा पत्ता देतो.

आता आमच्याकडचं सांगते. मी चाकण परिसरातल्या शाळांमध्ये शिकवून निवृत्त झाले. खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी इथे पत्र्याच्या किंवा दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग असते; आई-बाप दोघंही ठेकेदाराकडे, एक फर्स्ट शिफ्टला, एक सेकंडला. मूल शेजारच्या काकांकडे, रूम मालकाकडे, नाहीतर कडी लावून एकटं. केंद्र शासनाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक, 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाला तोंड दिलं होतं, आणि छळणारे निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले होते. डिसेंबर 2024 मध्ये चाकणच्या पुढच्याच राजगुरुनगरात आठ-नऊ वर्षांच्या दोन बहिणींचा जीव गेला. अटक झालेला माणूस त्याच इमारतीत राहत होता. तिथे आपला कॅमेरा काय पाहणार होता?

अशा मुलांना रोज सहा तास बघणारी एकच बाहेरची व्यक्ती असते, ती बाई. पडल्याचा मार बहुधा गुडघ्याला, कोपराला लागतो. मांडीच्या मागे, पाठीवर वळ असतील तर ते सहसा पडल्याचे नसतात. बाकावर अवघडून बसणं, वारंवार लघवीला जळजळ, शाळा सुटली तरी घरी न जाणं, वयाला न शोभणारे शब्द. हे ओळखायला पदवी लागत नाही, कुणीतरी एकदा नीट सांगावं लागतं.

तिसरीतल्या एका मुलाच्या मांड्यांवर असे वळ मी पाहिले. शाळेत ठरलं, आधी वडिलांना बोलावून विचारू. विचारलं. आठवड्याभरात खोली रिकामी झाली आणि हजेरीपटावर त्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा आला. दाखलाही कुणी नेला नाही. त्यावर मी एका कार्यालयात अर्ज दिला, स्मरणपत्रं दिली. आवकचा शिक्का प्रत्येकावर अगदी सुबक उमटला आहे.

आणि शाळेतलाच माणूस असेल तर? सप्टेंबर 2024 मध्ये निगडीच्या एका शाळेतल्या शिक्षकाला पॉक्सोखाली अटक झाली. आधीही अशाच गुन्ह्यात तो पकडला गेला होता आणि संस्थेने त्याला परत कामावर घेतलं होतं. शेवटी मुख्याध्यापक आणि विश्वस्तांवरही गुन्हा नोंदवावा लागला. कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करा, असं पॉक्सो नियम 2020 पासून सांगत आहेत. पडताळणी कुणी केली, कुणी तपासली?

मे 2025 मध्ये आपण आणखी एक निर्णय काढलात. निर्णयांची थप्पी वाढते आहे, म्हणून एकच विनंती. खेड तालुक्यातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये या आणि विचारा, संशय आला तर फोन कुणाला? मला मिळणारं उत्तर ‘सरांना’ असं असतं.

थप्पी नको. एक पान द्या. शंका पुरे, पुरावा शोधू नका. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. ते बोललं तसं त्याच्याच शब्दांत लिहा, तारीख-वेळ टाका. ज्याच्यावर संशय आहे त्याला शाळेत बोलावू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. 1098 किंवा 112 लावा. दवाखान्यात न्यायला एफआयआरची वाट पाहू नका, पहिले 72 तास मोलाचे असतात. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, पोलीस ठाण्यात बसवून नाही. हे मराठीत छापा, हिंदीत छापा, आमच्याकडे आता ओडिया बोलणारीही मुलं आहेत, त्यांच्या आयांसाठी ओडियात छापा. आणि 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याच्या ओळीआधी ‘प्रथम पोलिसांना’ एवढे दोन शब्द घाला.

त्यासाठी निविदा लागत नाही, निधी लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत करा.

एक निवृत्त शिक्षिका,
चाकण, ता. खेड, जि. पुणे