कडक स्प्रिंग, जास्त पॉवर? छे!

ऑफिसातल्या बाइकवाल्या पोरांचं सध्याचं खूळ म्हणजे 'परफॉर्मन्स' व्हॉल्व्ह स्प्रिंग. मीही फसलोय, म्हणून बोलतो. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, कडक स्प्रिंग टाकू, गाडी उडेल!" टाकली. सहा महिन्यांनी हेड उघडलं तर कॅमवर चरे. गाडी राहिली जागेवर, पैसे उडाले.

अहो, स्प्रिंग पॉवर देतच नाही! कॅम व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग तो बंद करते. बस्स. फोर-स्ट्रोक इंजिनात ६००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं. वेग फारच वाढला की स्प्रिंगला कॅमची पाठ धरता येत नाही आणि व्हॉल्व्ह तरंगतो. यालाच फ्लोट म्हणतात. कडक स्प्रिंग हा फ्लोट पुढे ढकलते, एवढंच. पण रेडलाइनपर्यंतचा हिशोब कंपनीने आधीच केलेला असतो! कॅम तोच, रेडलाइन तीच, मग तुम्ही विकत घेता ती फक्त झीज.

रेनॉने १९८६ साली फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगऐवजी दाबाखालची हवा वापरली, कारण त्यांना तेवढा वेग हवा होता. आपल्याला सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये?

मोठा कॅम टाकणार असाल तर स्प्रिंग जरूर बदला, पण रिटेनरसकट, आणि पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, हे तपासून. नाहीतर जुन्या स्प्रिंगची मोकळी उंची मोजा. मॅन्युअलमधल्या लिमिटखाली गेली असेल तर कंपनीचीच नवी घाला.

बॉटलनेक न शोधता कोड ऑप्टिमाइझ करणाऱ्याला आपण हसतो ना? मग?