गोष्टीचा शेवट कसा असावा?

आपल्या भित्तिपत्रकात खूप गोष्टी येतात. पण पुष्कळ गोष्टींचा शेवट एकच असतो. 'त्याला जाग आली, पाहतो तर काय, ते स्वप्न होते!' मला हा शेवट मुळीच आवडत नाही. वाघ आला, मुलगा झाडावर चढला, फांदी मोडली, आणि म्हणे स्वप्न! मग आम्ही उगीच घाबरलो का? वाघाचे पुढे काय करायचे ते सुचले नाही की लिहिणारा मुलाला जागा करतो.

टोपीवाल्याची गोष्ट बघा. माकडे टोप्या पळवतात आणि त्याच्यासारख्याच डोक्यावर घालतात. शेवटी तो चिडून आपली टोपी खाली टाकतो, की सगळ्या टोप्या खाली! मधेच देव येत नाही की राजाचा शिपाई येत नाही. माकडे नक्कल करतात हे आपण आधीच पाहिलेले असते, तरी शेवट ओळखू येत नाही. मग वाटते, अरे, हे मला कसे नाही सुचले!

वेताळ पंचविशीत तर वेताळ शेवटी प्रश्नच विचारतो. राजाने उत्तर दिले की तो परत झाडावर. तरी राग येत नाही, कारण प्रश्न मुद्दाम ठेवलेला असतो.

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचे मात्र मला पटत नाही. कावळ्याचे घर शेणाचे, ते पावसात वाहून जाते. तो दार वाजवतो. चिमणी म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते. काहीजण पुढे सांगतात की तिने त्याला तापल्या तव्यावर बसवले. सगळे हसतात. माझी धाकटी बहीण हसत नाही. ती विचारते, "मग काऊ कुठं निजला?" आजी म्हणते, "संपली गोष्ट, झोप आता." पण ती रोज विचारते, म्हणजे गोष्ट संपलेली नाही. कावळ्याने काही चोरले असते तर चटका बरोबर होता. त्याचे नुसते घर शेणाचे होते. आमची पण जमीन शेणानेच सारवतात.

आणि चिमणीचे घर मेणाचे आहे, ते शेवटी कुणी वापरतच नाही. मेण उन्हात वितळते. पावसाळ्यानंतर उन्हाळा येणारच ना? तेव्हा कावळ्याचे नवे घर वाळून कडक झालेले असेल. मग चिमणी बाळाला घेऊन त्याचे दार वाजवील. कावळा काय म्हणेल, ते मी अजून ठरवतो आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी