सोफा-कम-बेडवर रोज झोपणार कोण?

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचं घर १९९५ च्या योजनेत २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३००. आकडा वाढला, चांगलंच झालं. पण घरात माणसं तीन असोत की सात, जागा तेवढीच. सगळे झोपणार कुठे? याचं उत्तर शेवटी आपणच फर्निचरच्या दुकानात शोधतो.

दुकानदार कापड दाखवेल, रंग दाखवेल. तुम्ही आधी ठरवा, यावर रोज झोपणार कोण? कधीतरी येणाऱ्या पाहुण्यासाठी असेल तर साधा चालेल. पण आई-वडील किंवा दहावीतला मुलगा रोज झोपणार असेल, तर दुकानातच उघडून दहा मिनिटं आडवे व्हा. लाजू नका. मधला जोड कमरेला टोचतो का? फोम दाबल्यावर खालची फळी लागते का? आजीला एकटीला उघडता येतो का? आणि माप घ्यायचं ते उघडलेल्या सोफ्याचं. रात्री बाथरूमची वाट अडली, तर स्वस्तातला सोफाही महागच.

बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर देणं सरकारला जमलं. मग बाकीच्यांनी ३०० वरच का थांबायचं? घर देताना चौरस फुटांबरोबर झोपणारी माणसंही मोजा, एवढंच म्हणणं आहे. मत मागायला कुणी दारात आलं, तर त्याला त्या सोफ्यावरच बसवा आणि हे विचारा.