पाहुण्यांचेच गाव

गावातली शाळा बंद होते तेव्हा सरकारी कागदावर बहुधा एकच कारण असते, पटसंख्या कमी. मुले का कमी झाली, हे त्या कागदावर नसते.

वेल्समध्ये ग्विनेद नावाची एक ग्रामीण काउंटी आहे. डोंगर, समुद्र, मेंढ्या आणि बोलायला वेल्श भाषा. तिथल्या अबरसोख ह्या समुद्रकाठच्या गावातली प्राथमिक शाळा डिसेंबर २०२१ च्या अखेरीस बंद झाली. मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. घरे मात्र गावात पुष्कळ. त्यांतली बरीचशी सुट्टीपुरती उघडणारी, काही मालकाची दुसरी घरे, काही आठवड्याच्या भाड्याने दिली जाणारी.

पाहुणा येतो, पैसे देतो, दुकानातून दूध-पाव घेतो. हे सगळे चांगलेच. पण त्याचे मूल हजेरीपटावर येत नाही. इतकी वर्षे शिकवल्यामुळे मला गाव हजेरीपटावरून मोजायची सवय लागली आहे.

वेल्स सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये नियोजनाच्या नियमांत घरांचे तीन वर्ग केले. वर्षातले १८३ पेक्षा जास्त दिवस कोणी राहते ते मुख्य घर. त्याहून कमी वापरले जाते ते दुसरे घर. आणि एका वेळी जास्तीत जास्त ३१ दिवसांसाठी भाड्याने दिले जाते ते पाहुण्यांचे घर. ह्या वर्गांत अदलाबदल करायला एरवी मोकळीक असते. पण कौन्सिलला वाटले तर आपल्या हद्दीत ती परवानगीखाली आणता येते. ग्विनेदने वेल्समध्ये सर्वांत आधी, १ सप्टेंबर २०२४ पासून, हे पाऊल उचलले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. निर्णय रीतसर घेतला की नाही, हे न्यायालय बघते. असा नियम मुळात असावा का, हा माझा प्रश्न.

विरोध करणारे सगळेच धनदांडगे नाहीत. आईवडिलांचे घर विकायला काढलेल्या स्थानिक माणसालाही चांगली किंमत हवी असते. बंधन आले की गिऱ्हाईक कमी होणार, किंमत पडणार, ही त्याची भीती खोटी म्हणता येत नाही. शेतीवर भागत नाही म्हणून दोन खोल्या भाड्याने देणारी म्हातारी जोडपीही असतात. शिवाय आधीपासून पाहुण्यांची झालेली घरे ह्या नियमाने परत मिळत नाहीत. तो पुढच्या बदलांपुरताच.

तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. घरातल्या दोन खोल्या पाहुण्याला देणे आणि अख्खे घर गावाच्या वापरातून काढून घेणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मालक तिथेच असतो. रात्री-अपरात्री शेजाऱ्याच्या हाकेला ओ देतो. दुसरीत किल्ली दाराजवळच्या पेटीत असते. पहिलीला मोकळीक द्यावी, दुसरीला गावातली घरे मोजून परवानगी द्यावी. कारखाना काढायला परवानगी लागते, कारण त्याचा परिणाम कुंपणाबाहेर जातो. रिकाम्या घराचाही जातो, फक्त त्याचा धूर दिसत नाही.

भाषेचेही तसेच. ग्विनेदमध्ये वेल्श बोलणारे २०११ च्या जनगणनेत ६५.४ टक्के होते, २०२१ मध्ये ६४.४ झाले. ह्याला पाहुण्यांची घरे हे एकमेव कारण नाही. नोकरीसाठी बाहेर पडणारी तरुण मुलेही आहेत. पण ज्या मुलाला परत यायचे आहे त्याला स्वतःच्याच गावात घर परवडत नसेल, तर ती भाषा दुकानाच्या पाटीवर राहील, अंगणात नाही.

हा राग जुना आहे. १९७९ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वेल्समध्ये अशी सुट्टीची सुमारे दोनशे घरे जाळली गेली. त्याचे समर्थन कोणी करू नये. मात्र राग आगपेटीपर्यंत जाऊ द्यायचा नसेल तर त्याला कौन्सिलच्या टेबलावर जागा हवी. परवानगीचा अर्ज, हरकती, सुनावणी हे सगळे कंटाळवाणे असते खरे. पण गावाला आपले म्हणणे मांडायची संधी त्यातच मिळते.

नियमाने घरे बांधली जात नाहीत आणि पगारही वाढत नाहीत. ती कामे सरकारला वेगळी करावीच लागतील. पण ती होईपर्यंत गावात राहणारी माणसे तरी उरायला हवीत.