लग्नाचं एडिटिंग करायचंय? मग कार्डाआधी फाइल बघा
नांदेड-लातूरकडे लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग सुरू करायचं म्हणून मुद्राचं ‘किशोर’ कर्ज (50 हजारांच्या वर, 5 लाखांपर्यंत) काढायचं आणि त्यातला मोठा वाटा ग्राफिक्स कार्डात घालायचा, हे मला पटत नाही. आधी तुमच्या कॅमेऱ्याची फाइल बघा.

सोनी, कॅननचे बरेच नवे कॅमेरे 10 बिट 4:2:2 एच.265 मध्ये रेकॉर्ड करतात. एनव्हिडियाची आरटीएक्स 40 सिरीजपर्यंतची कार्डं ही फाइल हार्डवेअरवर डिकोड करत नाहीत, 50 सिरीज करते. म्हणजे महागडं कार्ड असूनही टाइमलाइन अडकतच चालणार! इंटेलच्या 12व्या पिढीच्या आय-5 मधलं आतलं ग्राफिक्स मात्र ती आरामात चालवतं. फक्त नंबरापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्यात हे ग्राफिक्सच नसतं.

वाचलेले पैसे 32 जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि चांगल्या यूपीएसमध्ये घाला. आपल्याकडची लाइट माहितीये ना? लग्न काही परत शूट होत नाही, म्हणून फुटेजच्या दोन कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर पाहिजेतच. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात लॅपटॉप तापून स्लो होतो, डेस्कटॉपच बरा.

बिल पक्कंच घ्या. आणि दुकानात जाताना स्वतःच्या कॅमेऱ्याची एक क्लिप पेनड्राइव्हवर न्या, तिथेच चालवून बघा, मगच पैसे द्या.