लोकलफंडाची पट्टी आणि गावाचा वाटा

वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी आठ-अ चा उतारा असेलच. तो एकवार बाहेर काढून पाहावा. आकारणीच्या रकमेपुढे स्थानिक कराची दोन घरे आहेत. एक जिल्हा परिषदेचे व दुसरे ग्रामपंचायतीचे. त्यांतील आकड्यांकडे आपले सहसा लक्ष जात नाही, कारण पुष्कळदा तलाठ्याकडे जाण्यायेण्यासच त्याहून अधिक खर्च पडतो. ही रक्कम इतकी अल्प असण्यातच आपले नुकसान आहे, असे आमचे मत आहे.

पट्टी नवी नव्हे. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड बसला आणि त्याचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांस व एक हिस्सा शिक्षणास अशी वाटणी ठरली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यात शिक्षणासाठी म्हणून वसूल केलेली ही पट्टी त्या कामी खर्च होत नाही, ही तक्रार स्पष्ट आहे. पट्टी देणारा एक व तिचा उपभोग घेणारा दुसरा, हा आपला जुना अनुभव. म्हणून पट्टीचे नाव काढताच शेतकरी बिचकतो, यात नवल नाही.

हल्लीची व्यवस्था अशी की, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली साऱ्याच्या रुपयास रुपया हा उपकर ग्रामपंचायतीसाठी आहे. जिल्हा परिषदेसाठी १९६१ च्या कायद्याने मूळ दर रुपयास २० पैसे ठेवून तो वाढविण्याची सोय केली आहे. रुपयास रुपया हा दर ऐकावयास जबर वाटतो. परंतु तो ज्या आकारावर बसतो, तो आजे-पणज्यांच्या वेळच्या जमाबंदीचा! विहीर झाली, ऊस उभा राहिला, जमिनीचे मोल कोठच्या कोठे गेले. आकार मात्र जागचा हलला नाही. उलट घरपट्टी २०१५ च्या नियमांपासून भांडवली मूल्यावर बसते आणि शेतसारा भरणारी जमीन तीतून वगळलेली आहे. परिणामी दोन खोल्यांचा धनी असलेला मजूर दहा एकरांच्या बागायतदारापेक्षा गावाच्या तिजोरीत अधिक भर घालतो. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, कारण लिहिणारा स्वतः खातेदारच आहे.

याहून विलक्षण गोष्ट मुद्रांकाची. जमिनीच्या खरेदीखतावर १ टक्का जादा मुद्रांक शुल्क घेऊन ते जिल्हा परिषद व ग्रामपंचायती यांस निम्मे निम्मे द्यावे, अशी योजना आहे. समजा, एका खात्याचा आकार २० रुपये आहे. धनी ते खाते कसत राहिला, तर पंचायतीस सालीना २० रुपये मिळतात. तेच खाते २० लाखांस विकले, तर ग्रामपंचायतींच्या पदरी १०,००० रुपये पडतात. म्हणजे कसणाऱ्याची पाचशे वर्षांची पट्टी एका दिवसात! शहरालगतच्या ज्या गावांत शेते झपाट्याने विकली जातात, ती गावे श्रीमंत होतात. आणि जेथे लोक जमीन धरून बसले आहेत, तेथील पाणंद चिखलातच राहते.

यास उपाय काय? ग्रामपंचायतीचा उपकर वाढवावा, असे आम्ही म्हणतो. काही बंधू यावर रागावतील. त्यांनी पावसाळ्यात उसाची गाडी पाणंदीत रुतली म्हणजे होणारा खर्च आधी मांडून पाहावा. परंतु वाढ देताना अट घातली पाहिजे. वाढीव रक्कम ज्या गावची त्याच गावच्या निधीत जमा व्हावी, ती पाणंदी, मोऱ्या व ओढ्यांचे बांध याखेरीज कशासही लावू नये आणि जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. लहान खातेदारास सूट असावी, हे सांगणे नलगे. अट मान्य नसेल, तर आम्ही वाढीच्या विरुद्धच उभे राहू.

तूर्त प्रत्येक वाचकाने येत्या ग्रामसभेत एवढेच विचारावे की, गतसाली उपकराचे किती आले, मुद्रांकाचे किती आले आणि दोन्ही कोठे खर्ची पडले. मिळालेली उत्तरे आमच्याकडे धाडावीत. ती आम्ही छापू.