फॉर्मवरचा एक रकाना

"ताई, इथं काय लिहू?"

मानवतच्या एका मुलीनं जी.एन.एम.च्या प्रवेशाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. बोट होतं 'पूर्वी कोणता गंभीर आजार झाला आहे काय?' या रकान्यावर. बारावीनंतर तिला कित्येक रात्री झोप नव्हती, बोलणं थांबत नव्हतं. घरच्यांनी आधी 'बाहेरचं' समजून अंगारे-धुपारे केले. (१९७२ ते १९७४ या काळात अशाच समजुतींपायी बायका-मुलींचे खून पाहिलेलं हे गाव. तरी पहिली धाव अजून तिकडेच असते.) मग परभणीचे डॉक्टर, बायपोलर हे निदान आणि लिथियमच्या गोळ्या. दीड वर्षात ती पूर्ण सावरली. गोळ्या मात्र वडील परभणीहूनच आणत, कारण मानवतचा औषधवाला सोयऱ्यातला. आईचं म्हणणं एकच: "लिहू नका. लेकरू उजवायचं हाय."

मी म्हटलं, खरं ते लिही. एम.एस.डब्ल्यू. झालेली मी, शिबिरांतून बायकांना बोलतं करणारी, दुसरं काय सांगणार होते? तिनं लिहिलं. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "उद्या वॉर्डात झटका आला तर पेशंटला इंजेक्शन कोण देणार?" लेखी नकार कुणी दिला नाही. जागा भरल्या, एवढंच कळवलं. पण ती घरी पोचायच्या आत बातमी गल्लीत पोचली होती. त्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. मुलीच्या संमतीनं लिहितेय, तिचे तपशीलही थोडे बदललेत.

तिचं ते वर्ष माझ्या सल्ल्यामुळे गेलं. तेव्हापासून मला वाटतं, आजार सांगावा की लपवावा, हा मुलीच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आपण उगाच करून ठेवलाय. विचारतंय कोण, कशासाठी, कागद कुणाच्या कपाटात जाणार आणि सांगितल्यावर त्या माणसावर कोणतं बंधन येणार, हे आधी पाहायला हवं.

कायदे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला. पण त्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, हॉस्टेलच्या वॉर्डनवर किंवा प्रवेश समितीवर नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्क कायद्यात मानसिक आजार आला, आणि सरकारमान्य शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असंही त्यात आलं. मात्र या कायद्यातल्या राखीव जागेसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे हक्क मागायचा तर आधी सगळ्यांसमोर आजार मांडायचा. आणि जी गोळ्या घेऊन ठणठणीत आहे तिला ते टक्के बहुधा मिळतच नाहीत.

पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत अर्ज केला. तिथे आजारांची यादी मागितली नव्हती, फक्त वैद्यकीय योग्यतेचा दाखला मागितला होता. तिच्याच मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून दाखला दिला: अभ्यासक्रम पूर्ण करण्यास योग्य. यात खोटं काही नाही. जिथे सरळ प्रश्न असेल तिथे 'नाही' लिहू नये, हे मी आजही सांगते. उद्या तोच कागद पुढे करून प्रवेश रद्द करतील. पण न विचारलेलं आपणहून ओतायचंही कारण नाही.

सांगायची वेळ आली ती नाइट ड्यूटी लागली तेव्हा. बायपोलरमध्ये झोप मोडली की आजार उलटण्याची भीती असते. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, उलट्या होतात, हात थरथरायला लागतात. अशा वेळी जवळच्या एका तरी माणसाला माहीत असायला हवं. तिनं आठवडाभर विचार करून एका सिस्टर-ट्यूटरला सांगितलं. आजाराचा सगळा इतिहास नाही. एवढंच, की मी अमुक गोळी घेते, लागोपाठच्या रात्रपाळ्या मला चालत नाहीत, ही डॉक्टरांची चिठ्ठी, आणि हे तुमच्याजवळच ठेवा. त्या बाईंनी ते ठेवलं. पाळ्या अंतर ठेवून लागल्या.

पेशंटच्या सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. झटका आलेला असताना कुणीही औषधं देऊ नयेत, रजा घ्यावी. पण मला धास्ती वाटते ती लपूनछपून जगणाऱ्या मुलीची. रूममेट पाहील म्हणून ती गोळी चुकवते, रक्ततपासणी टाळते. याच मुली मेंटल हेल्थ नर्सिंग शिकतात, मनोरुग्णालयात पोस्टिंगला जातात, कलंक कसा घालवावा यावर परीक्षेत उत्तरं लिहितात, आणि संध्याकाळी हॉस्टेलवर पेशंटच्या नकला होतात. आमची मुलगी त्या नकलांना हसायची. न हसली तर कुणाला संशय येईल म्हणून.

आपल्या चळवळीलाही थोडं बोलायला हवं. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्याच वर्षी पुण्यात बापू ट्रस्ट सुरू केला. तरी आपल्या केंद्रांत अजून 'ती जरा तशीच आहे' म्हणून केस बाजूला ठेवली जाते. मीही ठेवलीय. नवऱ्यानं 'वेडी' म्हटलं की आपण पटकन 'ती वेडी नाहीच' असं भांडतो. असली तर काय, याचं उत्तर आपल्यापाशी तयार नसतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका डॉक्टर पत्नीविरुद्धचा स्किझोफ्रेनियाचा आरोप घटस्फोटाला पुरेसा मानला नाही. ती सरकारी नोकरीत सलग काम करते आहे, हाही आधार त्यात होता. निकाल चांगलाच. पण जिला मध्ये सहा महिने काम जमलं नाही, तिचं काय?

यंदापासून मानवतमध्ये आम्ही मुलींबरोबर बसून फॉर्म वाचतो, एकेक रकाना. तालुक्यातून नर्सिंगला जाणाऱ्या मुली काही कमी नाहीत.

ती आता शेवटच्या वर्षाला आहे आणि घरी स्थळं येताहेत. लग्नाआधी मुलाला सांगायला हवं, असं माझं मत. महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून लग्न रद्द करायला हिंदू विवाह कायद्यात वाट आहे, हे मी आईला समजावलं. आई म्हणाली, "सांगितल्यावर लगीनच न्हाई झालं, तर रद्द तरी काय व्हायचं?" मुलगी म्हणते, आधी नोकरी, मग बघू. आमचं तिघींचं अजून ठरलेलं नाही.